सही करण्याआधी पांढऱ्या रेतीची ओळख करून घ्या

खनिज म्हटले की आपल्याला रेडीचे लोहखनिज आठवते, नाहीतर कोळसा. दगड खणायचा, भट्टीत घालायचा आणि धातू काढायचा, एवढीच खाणीची कल्पना आपल्या डोक्यात असते. पण घरात आणि शेतात रोज वापरात असलेल्या बऱ्याच खनिजांतून धातू काढलाच जात नाही. ती आहेत तशीच, फार तर धुऊन, दळून, चाळून वापरतात. कुणाचा पांढरेपणा कामाला येतो, कुणाचा चिकटपणा, तर कुणाची आच सोसण्याची ताकद. यांना औद्योगिक खनिजे म्हणतात. नाव परके वाटेल, माल मात्र ओळखीचा आहे.

सुपर फॉस्फेटची गोणी घ्या. राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा येथे रॉक फॉस्फेटची मोठी खाण आहे. तो दगड दळून त्यावर गंधकाचे तेजाब सोडले की सुपर फॉस्फेट तयार होते. पाण्यात मिसळायच्या कीटकनाशक भुकटीत औषध थोडे आणि बाकी पुष्कळदा चायना क्ले, म्हणजे पांढरी चिनी माती, असते. पीव्हीसी पाइपात चुनखडीची बारीक पूड घालतात, दात घासायच्या पेस्टमध्येही तीच. डीपीवरचे पांढरे इन्सुलेटर चिनी माती, क्वार्ट्झ आणि फेल्स्पार यांच्या मिश्रणातून भाजलेले. ही यादी पानभर होईल. आज बोलायचे आहे ते आपल्या जिल्ह्यातून घाट चढून जाणाऱ्या एका खनिजाबद्दल, सिलिका सँडबद्दल. कणकवली तालुक्यात कासार्डे, पियाळी, फोंडा या पट्ट्यात ही पांढरी रेती सापडते. आपण तिला रेतीच म्हणतो, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

पंपाच्या आधी रेती

विहिरीवर बसवलेला पंप कोल्हापूरकडच्या फाउंड्रीत ओतलेला असेल, तर त्याच्या जन्माला अशी पांढरी रेती हजर होती असे समजायला हरकत नाही. कोल्हापूर, शिरोली, गोकुळ शिरगाव, इचलकरंजी या भागातला ओतकामाचा धंदा जुना आहे. ऊस, गूळ आणि ऑइल इंजिने यांच्या संगतीने तो वाढला. आज तिथे ट्रॅक्टरचे, मोटारींचे आणि पंपांचे सुटे भाग ओतले जातात.

पंपाचे बीड ओततात ते साधारण १४०० अंश सेल्सिअसला. एवढा तापलेला रस ज्या साच्यात पडतो तो साचा वितळता कामा नये. सिलिका वितळायला १७०० अंशांच्या आसपास जावे लागते. म्हणून साचा रेतीचा. आधी लाकडाचा किंवा धातूचा पॅटर्न करतात, त्याच्याभोवती रेती ठोकून बसवतात, पॅटर्न काढून घेतात आणि उरलेल्या पोकळीत रस ओततात. थंड झाल्यावर साचा फोडला की भाग हाती येतो.

नुसती कोरडी रेती अर्थातच उभी राहणार नाही. तिला धरून ठेवायला बेंटोनाइट नावाची चिकण माती आणि थोडे पाणी घालतात, वर जरा कोळशाची पूडही. हे बेंटोनाइट मुख्यतः गुजरातेतल्या कच्छमधून येते. घाटावरच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात ती फुगते, ती ज्या जातीच्या चिकण मातीमुळे, त्याच घराण्यातले हे खनिज. शेतकऱ्याला ते दुसऱ्या रूपानेही माहीत आहे. बेंटोनाइट सल्फरच्या गोळ्या ओल्या जमिनीत फुगून फुटतात आणि गंधक पसरते, ते या मातीच्या फुगण्यामुळेच.

आता पंपाच्या आतली पोकळी. ती कशी येते? साच्याच्या मध्ये रेतीचाच एक गाभा ठेवतात, त्याला कोअर म्हणतात. तो घट्ट करायला काही ठिकाणी सोडियम सिलिकेट वापरतात आणि वरून कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. गंमत अशी की सोडियम सिलिकेट हेही सिलिका रेती आणि सोडा ॲश भट्टीत एकत्र वितळवूनच करतात. म्हणजे रेतीला रेतीनेच चिकटवायचे.

फाउंड्रीवाल्याला मात्र कुठलीही रेती चालत नाही. दाणा सारखा हवा, शक्यतो गोलसर हवा. अंगाला माती चिकटलेली नको. फार बारीक असेल तर रसातून निघणारा वायू बाहेर पडत नाही आणि लोखंडात छिद्रे राहतात. फार जाड असेल तर पंपाचा पृष्ठभाग खरखरीत येतो. म्हणून रेती खणून तशीच ट्रकमध्ये भरत नाहीत. ती धुतात, चाळतात आणि दाण्याच्या नंबराप्रमाणे वेगळी करतात. जमीनमालकाला 'रेती नेतो' असे सांगितले जाते, आणि पुढे फाउंड्रीच्या दारात तीच नंबरावर आणि तपासणीच्या दाखल्यावर विकली जाते. भावातला फरक या मधल्या पायरीवर पडतो.

तांबड्या मातीचा एक बकेट

काचेचे गणित याहून कडक आहे. साध्या बाटलीच्या काचेत शंभरातले सत्तरच्या वर भाग सिलिका असते. सोबत सोडा ॲश घालतात म्हणजे कमी आचेवर वितळते, आणि चुनखडी घालतात म्हणजे काच पाण्यात विरघळत नाही. रेतीत लोह असेल तर काच हिरवट होते. स्वच्छ पांढऱ्या काचेसाठी १०० किलो रेतीत लोहाचे ऑक्साइड ४०-५० ग्रॅमच्या आसपासच चालते. सौरपंपाच्या पॅनेलवरच्या काचेला तर याच्या कितीतरी कमी लोह लागते, कारण हिरवट काच ऊन अडवते.

आपल्याकडे अडचण इथेच आहे. कासार्डे पट्ट्यातली रेती ज्या वालुकाश्माच्या थरांतून येते, त्यांना भूगर्भशास्त्रात कलादगी म्हणतात. कर्नाटकातल्या कलादगी गावावरून हे नाव पडले. सह्याद्रीच्या काळ्या दगडाहून हे थर कितीतरी जुने आहेत. पण आपल्या भागात वर तांबडी माती आणि जांभा, आणि जांभ्यात लोह भरपूर. खणताना वरची माती नीट बाजूला काढली नाही, एक-दोन बकेट जरी खालच्या पांढऱ्या मालात पडली, तरी काचेच्या प्रतीचा माल फाउंड्रीच्या प्रतीवर येतो किंवा त्याहून खाली. खाण नीट चालली आहे की ओरबाडली जाते आहे, हे ओळखायची ही एक साधी खूण. वरची माती वेगळी रचून ठेवली आहे का, एवढे बांधावर उभे राहूनही दिसते.

महाराष्ट्रात काचेचा धंदा काही कालचा नाही. तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून लोकांकडून एकेक पैसा गोळा करून हा फंड उभा राहिला होता आणि लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. पुढे १९१६ साली कराडजवळ ओगलेवाडीचा कारखाना निघाला. तिथला प्रभाकर कंदील ज्याच्या घरात नव्हता असे घर जुन्या पिढीत शोधावेच लागेल. त्या कंदिलाची काच म्हणजेसुद्धा रेतीच की!

सातबारा तुमचा, खनिज कोणाचे?

आता मुद्द्याचे. आपल्या वरकस जमिनीत पांढरी रेती निघाली तर ती आपलीच, असे बहुतेकांना वाटते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम ४८ तसे म्हणत नाही. जमिनीवरचे आणि जमिनीखालचे खनिज, आधीचा काही हक्क सिद्ध असल्याखेरीज, राज्य सरकारचे. केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली जमिनीखालचे खनिजही जमीनमालकाचे असा निकाल दिला होता, आणि तो अधूनमधून आपल्याकडेही ऐकवला जातो. तो निकाल तिथल्या जुन्या जमीनहक्कांवर उभा होता. आपल्याकडे कायद्यातच हक्क राखून ठेवलेला आहे. तेव्हा कुणाच्या सांगण्यावरून परवान्याशिवाय जेसीबी लावू नये. विनापरवाना उत्खननाला खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, वाहन जप्त होते ते वेगळेच. आणि नोटीस येते तेव्हा ट्रकवाला कुठे असतो? सातबाऱ्यावर नाव तुमचे असते.

मग शेतकऱ्याच्या हातात काहीच नाही का? आहे. खनिज सरकारचे असले तरी वरची जमीन तुमची आहे, आणि खासगी जमिनीत गौण खनिजाचा परवाना घ्यायचा तर जमीनमालकाचे संमतीपत्र लागते. शिवाय १९५७ च्या केंद्रीय खाण कायद्याच्या कलम २४-अ प्रमाणे जमिनीचे जे नुकसान होईल त्याची भरपाई खाणपट्टेदाराने जमीनधारकाला द्यायची आहे. रॉयल्टी सरकारला जाते. तुमचा मोबदला हा तुमच्या करारातून येतो. म्हणूनच तो करार कोऱ्या स्टँप पेपरवर सही करून होत नसतो.

करारात खनिजाचे नाव काय लिहिले आहे ते आधी बघावे. हे नाव फार महत्त्वाचे. १० फेब्रुवारी २०१५ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने ३१ खनिजे गौण ठरवली आणि त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांकडे गेला. त्यात सिलिका सँड होती आणि क्वार्ट्झही होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये क्वार्ट्झ, फेल्स्पार, अभ्रक आणि बराइट ही चार परत प्रमुख खनिजांत गेली. सिलिका सँड गौणच राहिली. आणि बांधकामाची रेती म्हणजे आणखी तिसरा प्रकार, तिचे धोरण निराळे. रसायनशास्त्राला विचाराल तर क्वार्ट्झ काय आणि सिलिका सँड काय, दोन्ही एकच. कागदावर मात्र प्रत्येकाची वाट वेगळी, रॉयल्टी वेगळी, परवाना देणारा वेगळा. तेव्हा पासवर 'रेती' आणि ट्रकमध्ये सिलिका असा प्रकार दिसला तर सरपंचांनी आणि तलाठ्यांनी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) तो चुकीचा शब्द म्हणून सोडून देऊ नये. वाहतुकीचा पास आता महाखनिज प्रणालीतून ऑनलाइन निघतो, त्यावर खनिजाचे नाव असते.

दुसरे, मोजमाप. 'गाडीला इतके' हा करार शेतकऱ्याच्या तोट्याचा. गाडी सहाचाकी की बाराचाकी? एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, त्यात कोरडी रेती साधारण सव्वाचार ते साडेचार टन बसते. दर टनावर ठरवावा आणि वजनकाट्याच्या पावतीची प्रत मागावी. माल पुढे ज्या प्रतीने विकला जातो तिच्या तपासणीचा दाखलाही मागायला लाजू नये. आंब्याची पेटी आपण ए ग्रेड, बी ग्रेड करूनच विकतो ना? किती गुंठे, किती खोल, वरची माती कुठे ठेवणार, खड्डा कोण बुजवणार आणि कधी, हे सगळे नकाशासह लिहून घ्यावे. भोळेपणाने खड्डा बुजवण्याचे कलम सोडले तर पाच वर्षांनी हाती राहते ते डबके.

धुण्याचे पाणी

सिलिका धुवायला पाणी भरपूर लागते आणि धुतल्यावर खाली उरतो तो बारीक गाळ. हा गाळ टाक्यांत निवळवून पाणी पुन्हा वापरता येते. तसे केले नाही तर पावसाळ्यात तो वहाळाला मिळतो आणि वहाळ भातखाचरात. अशा गाळाचा थर बसला की खाचराचे पाणी जिरत नाही आणि त्यात पिकाला खायला काही नसते. नुकसान झाल्यावर पंचनाम्यासाठी धावण्यापेक्षा आधीच कागद बघितलेला बरा. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार प्रकरणात पाच हेक्टरांहून लहान गौण खनिजपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. त्या मंजुरीच्या पत्रात गाळाच्या टाक्या, धूळ, झाडे लावणे, वाहतुकीचा रस्ता अशा अटी असतात आणि त्याची प्रत स्थानिक ग्रामपंचायतीला द्यायची असते. ही प्रत पुष्कळदा दप्तरात कुठेतरी पडलेली असते. ग्रामसभेत ती मोठ्याने वाचून दाखवली तरी अर्धे काम होईल.

जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधीही असाच कुणी न मागितलेला राहतो. २०१५ च्या कायदादुरुस्तीने तो आला. खाणीने बाधित झालेल्या गावांसाठी रॉयल्टीशिवाय वेगळी रक्कम त्यात जमा होते. प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेत या निधीचा मोठा भाग पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा कामांवर खर्च करण्याचे बंधन आहे. आधी ते किमान ६० टक्के होते, २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी ७० टक्के झाले. गावाचे नाव बाधित गावांच्या यादीत आहे का, हे ग्रामपंचायतीने आधी पाहावे. ठराव मग करावा.

छातीतली रेती

शेवटचा विषय सर्वांत जड आहे. ज्या सिलिकामुळे ही रेती मोलाची, त्याच सिलिकाची बारीक धूळ माणसाच्या फुप्फुसाला घातक. डोळ्यांना दिसते ती धूळ नाकात, घशात अडकते आणि शिंकेबरोबर बाहेर पडते. खरी वाईट ती न दिसणारी, १० मायक्रॉनहून बारीक. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा. ही धूळ फुप्फुसात खोल जाऊन बसते, तिथे गाठी होतात, फुप्फुस कडक होत जाते. याला सिलिकोसिस म्हणतात. यावर बरे करणारे औषध नाही. काम सोडले तरी रोग पुढे सरकू शकतो, आणि अशा माणसाला क्षयरोग लवकर धरतो. दम लागतो, खोकला येतो, वजन उतरते, म्हणून पुष्कळदा नुसत्या टीबीचेच उपचार होत राहतात.

ओल्या रेतीच्या धुण्यात धोका कमी. खरी धूळ उठते ती दगड फोडताना, कोरडा माल दळताना, चाळताना, गोण्या भरताना, आणि तिकडे फाउंड्रीत साचे फोडताना. तोंडाला बांधलेला पंचा किंवा ओढणी या धुळीला अडवत नाही. पाण्याचा फवारा, झाकलेली यंत्रे, धूळ ओढून घेणारे पंखे आणि योग्य प्रतीचा मास्क, एवढे मालकाने करायचे असते.

मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलिराजपूर भागातले आदिवासी शेतकरी शेतीत भागेना म्हणून गुजरातेत गोध्रा, बालासिनोरकडच्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत कामाला जात. गावी परतले ते खोकत. तरणीताठी माणसे गेली. प्रकरण २००६ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० साली २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत अशी शिफारस गुजरात सरकारला केली. पैसे देण्याचा न्यायालयाचा आदेश यायला मे २०१६ उजाडला. दहा वर्षे! ती माणसेही आपल्यासारखीच कोरडवाहू शेतकरी होती, पावसाळ्यात शेत आणि पुढे मजुरी.

आपल्या गावातला कुणी अशा खाणीवर, क्रशरवर किंवा घाटावरच्या फाउंड्रीत जात असेल तर त्याने कामाला लागण्यापूर्वी छातीचा एक्स-रे काढून घ्यावा आणि तो जपून ठेवावा, पुढे दरवर्षी एक. डॉक्टरकडे गेल्यावर 'काम काय करतो' हे विचारले नाही तरी आपणहून सांगावे. सिलिकोसिस हा सरकारकडे कळवणे बंधनकारक असलेला रोग आहे, पण डॉक्टरला धुळीचे काम माहीतच नसेल तर तो कळवणार काय? हजेरीचे कार्ड, पगाराची पावती, गेटपास, अगदी ठेकेदाराने वहीत लिहून दिलेला हिशेब, काहीही टाकून देऊ नये. भरपाईच्या वेळी 'हा माणूस आमच्याकडे नव्हताच' असे उत्तर येते, तेव्हा हेच कागद बोलतात. आशाताई आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी गावातून अशा कामावर जाणाऱ्यांची नावे, कामाचे ठिकाण आणि किती वर्षे झाली याची एक साधी वही ठेवली तर तिला खर्च शून्य आहे.